उन्हाळ्यातला प्रोसेसर : काही टिपणं

प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक काहीतरी. हे ‘काहीतरी’ कूलर, पेस्ट, पंखे, धूळ आणि आपण यंत्राकडून काय काम करून घेतो यावर ठरतं. पण पहिला आकडा आमच्या कर्नाटकातल्या हुबळीचा उन्हाळा ठरवतो. डिसेंबरात पहाटे खोलीत वीसच्या आसपास असतं, एप्रिलात दुपारी तीनला स्लॅबखालच्या खोलीत पस्तीस-छत्तीस. काम तेच, यंत्र तेच, पण पडद्यावरचा आकडा पंधरा अंशांनी चढलेला. मग लोक मेकॅनिकला फोन करतात. तो येतो, हात लावून बघतो, “भाळ बिसी आगेतरी” म्हणतो, म्हणजे फार तापलंय हो, आणि कॅबिनेटचं झाकण उघडतो.

झाकण उघडणं बरोबरच आहे. पण कुठलाही पंखा, कितीही महाग असला तरी, प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, एवढं आधी मनाशी पक्कं करावं. पुढचे बरेच खर्च त्याने वाचतात.

*

उष्णता येते कुठून? आतले ट्रान्झिस्टर सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करतात. प्रत्येक वेळी एक अतिसूक्ष्म धारित्र भरतं आणि रिकामं होतं, तेवढी वीज उष्णता होऊन जाते. हिशोब सोपा आहे : धारिता, गुणिले व्होल्टेजचा वर्ग, गुणिले वारंवारता. शिवाय काही वीज ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपते, आणि चिप जितकी तापेल तितकी ही गळती वाढते.

सगळी मेख त्या वर्गात आहे. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरवलं तर उष्णता एकोणीस टक्क्यांनी उतरते. वेगही दहा टक्क्यांनी कमी केला तर सत्तावीस. आणि शेवटच्या तीन-चारशे मेगाहर्ट्‌झसाठी चिप जे व्होल्टेज मागते, ते आधीच्या सगळ्या वेगाच्या मानाने अवाच्या सवा असतं. म्हणून टर्बो, म्हणजे चिपचा तात्पुरता वाढीव वेग, महाग पडतो.

आकड्यांत बघायचं तर इंटेलचा आय-५ १२४०० घ्या, इकडच्या घरांत बराच दिसतो. डब्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, टर्बोत तो ११७ वॅटपर्यंत जातो. सिलिकॉनचा तुकडा बोटाच्या नखाएवढा, साधारण १६० चौरस मिलिमीटर. घरातली हजार वॅटची इस्त्री तेवढी वीज दोनशेएक चौरस सेंटिमीटरच्या तळावर पसरते. दर चौरस सेंटिमीटरला पाच वॅट. प्रोसेसर सत्तर. इस्त्रीचा तळ आपण कपड्याला टेकवतो ते गरम करायलाच, इथे मात्र तेराचौदापट दाट आच चिपवरून काढून हवेत सोडायची आहे, तीही पंख्याचा फार आवाज न होता.

*

उंचीचा हिशोब कुणी करत नाही. हुबळी समुद्रसपाटीपासून साधारण ६७० मीटरवर, धारवाड त्याहून थोडं वर. इथली हवा मुंबईच्या हवेपेक्षा सहा-सात टक्क्यांनी विरळ. पंखा तेवढ्याच फेऱ्या मारतो, पण दर फेरीला थोडी कमी हवा ढकलतो. फरक एखाद-दोन अंशांचाच, त्यासाठी काही करायची गरज नाही. फक्त मुंबईच्या चुलतभावाने त्याच कूलरवर आपल्यापेक्षा कमी आकडा दाखवला तर वाईट वाटून घेऊ नये. (त्याच्याकडे एसी आहे, हे तो सांगत नाही.)

*

धूळ. हुबळीवर लिहायचं आणि धुळीवर लिहायचं नाही असं होत नाही. गावाभोवती काळी कापसाची जमीन, उन्हाळ्यात ती भेगाळते आणि वर पिठासारखी धूळ बसते. हुबळी जुनी कापसाची पेठ, अमरगोळच्या एपीएमसीत सुक्या मिरचीची पोती. त्यात रस्त्यांची कामं. हुबळी-धारवाड बीआरटीएसच्या रस्त्याचं काम कित्येक वर्षं चाललं, तिथली ‘चिगरी’ बस धावू लागली तोवर चन्नम्मा सर्कलजवळ उड्डाणपुलाचं काम निघालं. गोकुळ रोडला राहणाऱ्या माणसाने खिडकी उघडी ठेवावी की बंद, हा रोजचा प्रश्न.

कोरडी धूळ तशी निरुपद्रवी, फुंकरीने उडते. चिकट धूळ वाईट. स्वयंपाकघरातल्या फोडणीचा तेलकट धूर, देवघरातल्या उदबत्तीचा धूर, हे पंख्यातून ओढले जातात आणि कूलरच्या फिन्सवर (धातूच्या पट्ट्यांवर) पातळ थर धरतात. त्यावर कापसाचे तंतू आणि घरातल्या चादरींची लव बसली की नमदा तयार. तो नेमका बसतो कुठे? पंख्याच्या पात्यांवर दिसतो तो थोडा. खरा थर पंखा आणि अॅल्युमिनियमच्या फिन्स यांच्या मधल्या फटीत असतो, वरून बघणाऱ्याला दिसत नाही. पात्यांवर फडकं मारून “साफ केलं” म्हणणारे पुष्कळ. पंखा सुटा केल्याशिवाय तो नमदा हाती लागत नाही.

एक वर्ष न उघडलेल्या यंत्राचा कूलर साफ केला की भाराखालचं तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरलेलं बघायला मिळतं. या खर्चात एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही, कारण खर्चच नाही.

*

साफसफाईची रीत. यंत्र बंद, वायर भिंतीतून काढलेली, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्यायची. कॅबिनेट गच्चीवर किंवा व्हरांड्यात न्यायचं, नाहीतर धूळ घरातच एका खोलीतून दुसरीत. रंगाऱ्याचा मऊ ब्रश आणि ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. वाऱ्याने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होतं, आणि फिरणारी मोटर उलटी वीज तयार करते. पॉवर सप्लायवर बाहेरूनच हवा मारावी, तो उघडू नये, त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही वीज राहते.

चुलीजवळची फुंकणी वापरणारेही पाहिलेत. धूळ निघते, पण तोंडची वाफ आत जाते. पाणी लावलेलं फडकं तर मुळीच नको. धूळ ओली झाली की फिन्समध्ये मातीचा गिलावा होतो, तो नंतर ब्रशलाही दाद देत नाही.

*

धारवाड वीस किलोमीटरवर, पण तिथले लोक आमच्या उन्हाळ्याकडे जरा कीव येऊन बघतात. त्यांची हवा दोनेक अंशांनी नरम, संध्याकाळी पश्चिमेकडचा वारा. जूनपासून मात्र त्यांची पाळी. पावसाळी ओल, कपाटातल्या पुस्तकांना वास, आणि फिन्सवरची धूळ दमट होऊन घट्ट बसलेली. म्हणून साफसफाई मे महिन्याच्या अखेरीस, पावसाआधी करावी. दिवाळीच्या झाडलोटीत करणारे चार महिन्यांची ओलसर धूळ खरवडत बसतात.

*

इंटेलबरोबर फुकट मिळणाऱ्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. २००४ साली ७७५ सॉकेट आलं तेव्हापासून ही पद्धत. घरगुती यंत्रं तापण्याचं धुळीखालोखाल मोठं कारण मला विचाराल तर याच खुंट्या. खुंटीच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. बाणाच्या दिशेने फिरवली की ती सुटते, उलटी फिरवून दाबली की ‘टक’ आवाज करून मदरबोर्डाच्या मागे तिचे दोन काटे फाकतात. साफ करताना चारही काढल्या, बसवताना तीनच नीट बसल्या, असं सर्रास होतं. कूलर हलत नाही, पंखा फिरतो, सगळं ठीक दिसतं. फक्त एका कोपऱ्यात केसाएवढी फट राहते आणि मशीन चालू केल्याबरोबर आकडा नव्वद.

बसवताना समोरासमोरच्या खुंट्या दाबाव्या : आधी एक, मग तिच्या तिरक्या कोपऱ्यातली. ओळीने एका बाजूच्या दोन दाबल्या तर दुसरी बाजू उचलते. शक्य असेल तर बोर्डाच्या मागून काटे बाहेर आलेत का ते बघावं. चार-पाच वेळा काढघाल झाली की प्लॅस्टिक दमतं. अशा वेळी नव्या खुंट्या किंवा स्क्रूवाला कूलर घ्यावा. एएमडीवाल्यांचे कूलर स्क्रूचे किंवा आकड्याचे असल्याने ते या त्रासातून सुटले.

*

मात्र एएमडीवाल्यांसाठी वेगळी सूचना. एएम-४ सॉकेटच्या रायझनमध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेटची पकड बेताची. वाळलेली पेस्ट डिंकासारखी धरते. थंड यंत्राचा कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर येतो, पिना वाकतात. यंत्र दहा-पंधरा मिनिटं कामाला लावून गरम करायचं, बंद करायचं, मग कूलर डावीउजवीकडे हळूच पिळून सोडवायचा. वर ओढायचं शेवटी.

*

पेस्टबद्दल गैरसमज फार. ती थंड करत नाही. प्रोसेसरची टोपी आणि कूलरचा तळ, दोन्ही डोळ्याला गुळगुळीत दिसतात पण सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्या. दऱ्यांमध्ये हवा अडकते, आणि हवेइतकी उष्णता अडवणारी वस्तू सहज सापडायची नाही. उष्णतावहनाच्या आकड्यांत तांबं ४००च्या आसपास, अॅल्युमिनियम दोनशेवर, चांगली पेस्ट पाच ते दहा, हवा ०.०२६. म्हणजे पेस्ट धातूच्या मानाने निकृष्टच, फक्त हवेपेक्षा शेकडोपट बरी. म्हणून ती कमीत कमी लावायची : मधोमध तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी, वरून कूलर दाबला की आपोआप पसरते. जिलबी घालणाऱ्यासारखी पेस्ट घालणारे असतात, त्याने यंत्र मरत नाही, पण बाजूने ओघळलेलं पुसत बसावं लागतं.

दुकानात छोट्या डबीत मिळणारी पांढरी पेस्ट दोन-तीन उन्हाळ्यांत वाळून खडूसारखी होते. बरी पेस्ट चार-पाच वर्षं जाते. जुनी पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कॉफी गाळायचा कागद किंवा जुन्या धुतलेल्या धोतराचा तुकडा, ज्याची लव सुटत नाही. कूलर एकदा उचलला की जुन्याच पेस्टवर परत टेकवू नये, मध्ये हवेचे बुडबुडे राहतात.

महाग आणि मध्यम पेस्टमधला फरक दोन-तीन अंश. चांगली लावलेली आणि वाईट लावलेली यांतला वीस.

*

सुताराने करून दिलेलं कॉम्प्युटर टेबल हे आपल्या घरांतलं एक खास प्रकरण. खाली एक खण, त्याला तिन्ही बाजूंनी प्लायवूड, मागे वायरीपुरतं भोक, पुढे कधीकधी दारही. कॅबिनेट त्यात बरोबर मावतं, कारण सुताराने माप घेऊनच खण केलेला असतो. मागच्या पंख्यातून निघालेली गरम हवा प्लायवर आपटते, खणातच फिरते आणि पुढून परत आत जाते. अर्ध्या तासात खणातली हवा खोलीपेक्षा पाच-सात अंशांनी जास्त, आणि पहिल्या टिपणातल्या हिशोबाप्रमाणे प्रोसेसरही तेवढाच वर.

उपाय : मागची प्लाय कापून टाकणं. सुतार कुरकुरतो, टेबल लेचंपेचं होईल म्हणतो, दोन पट्ट्या आडव्या मारून घ्याव्यात. किंवा कॅबिनेट बाहेर, जमिनीपासून वीतभर उंचीच्या स्टूलवर, मागे भिंतीपासून टीचभर अंतर सोडून. जमिनीवर ठेवलं की केर काढताना उडालेली सगळी धूळ आधी त्याच्या वाट्याला.

झालरीचं कव्हर शिवून कॅबिनेटवर घालणाऱ्या काकू-मावश्यांना काय सांगावं हे मला अजून सुचलेलं नाही. टीव्हीवर, फ्रिजवर, मिक्सरवर क्रोशाचं काहीतरी असतंच, मग कॉम्प्युटरलाच का नको, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. बंद असताना घाला, चालू करताना काढा, एवढ्यावर तडजोड होते.

*

एक मेकॅनिक पंख्याच्या मधला स्टिकर उचलून आत शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडतो. करकर थांबते. स्लीव्ह बेअरिंगच्या जुन्या पंख्याला हा इलाज काही महिने चालतो. त्यानंतर नवा पंखाच.

*

हे सगळं उष्णता हलवण्याबद्दल झालं. चिपवरून कूलरवर, कूलरवरून कॅबिनेटच्या हवेत, तिथून खोलीत. शंभर वॅट हे शंभर वॅटच राहतात. मोठा कूलर बसवला की प्रोसेसर थंड राहतो, तुम्ही नाही. दहा बाय दहाच्या खोलीत दारं-खिडक्या लावून संध्याकाळभर व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पाण्याच्या कूलिंगचंही तसंच : पंप, नळ्या, रेडिएटर, त्यावर रंगीत दिवे, आणि शेवटी तीच उष्णता त्याच खोलीत. आय-५च्या घरगुती यंत्राला ते कशासाठी घालतात, मला समजलेलं नाही. तांब्याच्या हीट-पाइपवाला साधा टॉवर कूलर पुरतो. त्या नळीत हवा काढून घेऊन थोडंसं पाणी ठेवलेलं असतं, ते चिपजवळ उकळतं, वाफ फिन्सकडे जाऊन थंड होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी परत येतं. अमेरिकेतल्या लॉस अलामोसला जॉर्ज ग्रोव्हर याने १९६३ साली ही नळी करून दाखवली, पुढे ती अंतराळयानांत गेली. पंप नाही, गळती नाही, हलणारा भाग फक्त पंखा. घेण्याआधी कॅबिनेटची रुंदी मोजावी. बरेच टॉवर दीडशे मिलिमीटरहून उंच असतात, स्वस्तातल्या अरुंद कॅबिनेटचं झाकण मग लागत नाही.

*

खोली खरोखर थंड ठेवायची तर उष्णता तयारच कमी करायला हवी. आणि हे फुकट आहे, म्हणूनच बहुधा दुकानात कुणी सांगत नाही.

विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्सच्या आत ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ नावाची एक खोच असते. तिथे १०० टक्के असतं, ते ९९ करायचं. एका टक्क्याने काय होणार, असं वाटतं. होतं असं की बहुतेक इंटेल यंत्रांत टर्बो पूर्ण बंद होतो. आय-५ १२४०० मग ४.४ गिगाहर्ट्‌झऐवजी अडीचच्या आसपास राहतो. टॅली, वर्ड, ब्राउझर, मुलांचे ऑनलाइन क्लास, यांत फरक जाणवतही नाही. व्हिडिओ रेंडर करायला मात्र बराच जास्त वेळ लागेल. त्या दिवशी १०० करावं.

अधिक नेमकं करायचं असेल तर बायोसमध्ये जाऊन दीर्घ मुदतीची वीजमर्यादा ६५ वॅटवर बांधावी. पुष्कळ मदरबोर्ड कंपन्या ही मर्यादा गुपचूप मोकळी सोडतात, म्हणजे चाचण्यांत त्यांचा बोर्ड वेगवान दिसतो. ताप आपल्या खोलीला. रायझनमध्ये इको मोड असतो. ५६००जी हा ६५ वॅटचा, तो ४५वर उतरवता येतो आणि वेग त्या मानाने थोडाच जातो. व्होल्टेजच्या वर्गाची किमया ती हीच. लिनक्सवाल्यांना वेगाला लगाम घालणारा गव्हर्नर माहीत असतो, त्यांना मी काय सांगणार.

इंटेलवर थेट व्होल्टेज उतरवायची जुनी युक्ती आता बऱ्याच यंत्रांवर चालत नाही. २०१९च्या डिसेंबरात ‘प्लंडरव्होल्ट’ नावाचा हल्ला संशोधकांनी जाहीर केला : व्होल्टेज मुद्दाम ढळवून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातली गुपितं काढता येतात. त्यावर इंटेलने ती कळ कुलूपबंद करायची सोय दिली आणि बोर्ड कंपन्यांनी ती लावली. चोरांमुळे शेजाऱ्याच्या विहिरीला कुलूप.

*

उलटी गोष्टही घडली. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरचे प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, खेळ मध्येच कोसळू लागले. चिप स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती आणि त्याने कायमची झिजत होती. ऑगस्ट २०२४मध्ये कंपनीने त्यावर मायक्रोकोडची दुरुस्ती दिली. असं यंत्र घरी असेल तर बायोस अद्ययावत करून घ्यावा. झिजलेली चिप त्याने परत येत नाही, न झिजलेली वाचते.

*

वीजबिल. कर्नाटकात २०२३पासून गृहज्योती योजना आहे. लोक म्हणतात दोनशे युनिट फुकट, पण नियम तेवढा सरळ नाही : बहुतेक घरांना योजनेआधीच्या वर्षाचा सरासरी वापर अधिक दहा टक्के, एवढंच फुकट, आणि दोनशे ही वरची हद्द. समजा घराची सरासरी ८० युनिट, तर मोकळीक ८८पर्यंत. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून १२० वॅट, रोज आठ तास, महिन्याला जवळपास २९ युनिट. प्रोसेसरला बांध घालून सहा तासांच्या कामात ४० वॅट वाचवले तर महिन्याला सातएक युनिट वाचतात. मोकळीक होती आठची. नव्याने कॉम्प्युटर घेतलेल्या घराला हेस्कॉम या वीज कंपनीचं बिल शून्यावरून अचानक का आलं, याचं उत्तर बहुधा याच आकड्यांत आहे. एसी असेल तर आणखी भर : यंत्राने खोलीत टाकलेले शंभर वॅट बाहेर काढायला एसी वरून तीसएक वॅट खातो.

*

डेझर्ट कूलर. एप्रिलात हवा कोरडी, तेव्हा तो हुबळीत छान चालतो, खोली पाच-सहा अंशांनी उतरते, प्रोसेसरही. पण त्याचा झोत सरळ कॅबिनेटवर घेऊ नये. दमट हवेने फिन्सवरची धूळ घट्ट होते आणि बोअरच्या पाण्याचे क्षार उडालेल्या तुषारांबरोबर जिथे बसतील तिथे पांढरा डाग धरतात. शिवाय त्याला दिवसाला दोन-तीन बादल्या लागतात. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गल्लीत, प्रोसेसरसाठी पाणी, असं बोलून दाखवायची छाती पाहिजे.

*

स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री आठ-नऊला खाली सोडतो. मुलं अभ्यासाच्या नावाखाली गेम खेळायला बसतात तीच वेळ. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात दिला की खालची खोली दोन-चार अंशांनी उतरते. धारवाडात माळमड्डीच्या जुन्या बंगल्यांत उंच छत, मंगळुरी कौलं, वर गरम हवेला जायला वाट. त्या घरांत यंत्रं निवांत चालतात. कौलांतून झिरपणारी धूळ आणि पाली हा त्यांचा कर.

पालींचं खरं आहे. ऊब शोधत त्या मागच्या उघड्या पट्टीतून शिरतात. वापरात नसलेल्या स्लॉटच्या पट्ट्या काढून ‘हवा येईल’ म्हणून भोकं मोकळी ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

*

जुनी माणसं विचारतात, पूर्वी एवढं तापत नव्हतं ना? पूर्वीचं तापणं वेगळं होतं. मुंबईला टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६० साली जो भारतीय बनावटीचा संगणक चालू झाला, ज्याला नेहरूंनी १९६२मध्ये टिफ्रॅक नाव दिलं, त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. नळीचं कामच मुळी आतली तार तापवून सुरू होतं. नंतर १९७१ची इंटेल ४००४ चिप, २,३०० ट्रान्झिस्टर, एका वॅटच्या आत. ३८६ला कूलर लागत नसे. ४८६ डीएक्स-२वर १९९२च्या सुमारास अॅल्युमिनियमची ठोकळी दिसू लागली, पहिल्या पेन्टियमला पंखा आला.

मग शर्यत लागली. फेब्रुवारी २००१मध्ये इंटेलच्याच पॅट गेल्सिंगर यांनी एका परिषदेत आलेख दाखवला : हाच वेग राहिला तर चिपवरची उष्णतेची दाटी अणुभट्टीच्या, मग रॉकेटच्या नळकांड्याच्या बरोबरीला जाईल. तरी २००४ला प्रेस्कॉट नावाचा पेन्टियम-४ आला, शंभर वॅटच्या वर, आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्याचा वारस तेजस कंपनीने रद्द केला. संस्कृतात तेजस म्हणजे तेज, आणि तो तेजापायीच गेला. दोन वर्षांनी कोअर-२ ड्युओ आला, कमी वेगाचे दोन गाभे, ६५ वॅट. आजचे सहा-आठ गाभे हे त्या माघारीचं फळ.

*

तापून प्रोसेसर जळतो का? आता सहसा नाही. सप्टेंबर २००१मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एक चित्रफीत दाखवली होती : चालू यंत्राचा कूलर उचलला, एएमडीचा अॅथलॉन काही क्षणांत धूर सोडून मेला, पेन्टियम-४ मात्र वेग कमी करून जिवंत राहिला. त्यानंतर सगळ्यांनीच ही सोय नीट घेतली. हल्लीचा इंटेल १०० अंशांजवळ गेला की स्वतःच हात आखडतो, त्याहून चढला तर यंत्र बंद पाडतो. रायझन ७०००ची घडणच अशी की पूर्ण भाराखाली तो ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच राहतो. तो आकडा पाहून कुणी घाबरू नये. बाकीच्यांचा आकडा एप्रिलात यंत्र रिकामं असताना पन्नासपर्यंत आणि भाराखाली पंच्याऐंशीच्या आत असेल तर उघडायची गरज नाही. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्पसारखं फुकटचं साधन घेऊन एकदा आकडा बघून लिहून ठेवावा, खोलीच्या तापमानासकट. पुढच्या वर्षी तुलना करायला काहीतरी हाताशी असतं.

*

दाजीबान पेठेतल्या एका दुकानात जुनं ड्युअल कोअर मशीन आहे, टॅलीपुरतं. अंगावर बोटभर धूळ, शेजारी उदबत्ती, तरी आकडा पंचावन्न. कामच नाही त्याला.

*

भाचा विद्यानगरला इंजिनिअरिंग शिकतो. त्याचा मॉनिटर ७५ हर्ट्‌झचा आणि खेळ सेकंदाला दोनशे चित्रं काढत होता. सव्वाशे चित्रं पडद्यावर कधी दिसणारच नव्हती, त्यांच्यासाठी प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि खोली तिघंही तापत होते. खेळाच्या सेटिंगमध्ये ७५ची मर्यादा घातली. “मामा, पंखा बंद पडला काय?” असं त्याने विचारलं. फिरत होता, फक्त ऐकू येत नव्हता.

*

कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडं ठेवावं का, हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. पुढून जाळी आणि पंखा, मागून पंखा, अशी वाट असलेल्या कॅबिनेटला उघडं ठेवून काही मिळत नाही. पुढून मागे जाणारा झोत फुटतो आणि धूळ मोकळी शिरते. पण हल्ली कोप्पीकर रोडच्या दुकानांतून पुढे सबंध काच आणि आत रंगीत दिवे असलेली जी कॅबिनेटं विकली जातात, त्यांत पुढच्या पंख्यांना हवा घ्यायला बोटभर फट असते. त्यांचं झाकण काढलं की तापमान झटकन उतरतं. तो झाकण काढल्याचा गुण नसून कॅबिनेटचा दोष आहे. घेताना पुढे जाळी बघून घ्यावी, जाळीमागचं फिल्टर निघतं का ते विचारावं. ते महिन्यातून एकदा नळाखाली धुऊन, पूर्ण वाळवून परत लावायचं असतं. दुकानदार म्हणेल, “एनू आगूदिल्री, छलो ऐतरी,” काही होत नाही हो, चांगलं आहे. तेव्हा हात पुढच्या बाजूला धरून, पंखा चालू करून, हवा ओढतोय का ते तिथेच बघावं.